घोडा कोणाचा, हात कोणाचा: हिब्रू स्तोत्रांतला विजय आणि तारण

प्रश्न असा आला आहे: "आमच्या वाचनगटात 98 वे स्तोत्र वाचताना अडलो. पहिल्याच कडव्यात देवाच्या उजव्या हाताने जे साधले त्याला एका भाषांतरात 'विजय' म्हटले आहे, दुसऱ्यात 'तारण'. बरोबर कोणते? शिवाय शत्रूचे दात पाडणे, घोडा आणि स्वार समुद्रात फेकणे, लिव्याथान या समुद्रराक्षसाची डोकी ठेचणे, ही खऱ्या लढायांची वर्णने समजायची की रूपके?"

तीसेक वर्षे मी बायबलची हिब्रू शिकवतो आहे, आणि जवळजवळ प्रत्येक तुकडीत हा प्रश्न याच स्तोत्रापाशी उभा राहतो. म्हणून जरा ऐसपैस लिहितो. कडव्यांचे क्रमांक मराठी बायबलप्रमाणे दिले आहेत; पुस्तकाचे नाव नसेल तिथे पहिला आकडा स्तोत्राचा आणि दुसरा कडव्याचा. हिब्रू प्रतीत स्तोत्राच्या मथळ्यालाही बहुधा क्रमांक असतो, त्यामुळे तिथे आकडा एखाद्याने पुढे सरकलेला दिसेल. ओळींचे मराठी माझे आहे.

आधी शब्द पाहू. 98:1 मधले क्रियापद आहे 'होशीया'. त्याच धातूपासून 'येशुआ' आणि 'तेशुआ' ही नामे होतात, आणि या स्तोत्राच्या पहिल्या तीन कडव्यांत हा धातू तीनदा येतो. आपण जे 'विजय' आणि 'तारण' असे दोन कप्पे करतो ते या धातूत नाहीत. का नाहीत, हे कळायला मोठ्या स्तोत्रांपेक्षा लहान प्रसंग जास्त उपयोगी पडतात. निर्गम 2:17 घ्या. मिद्यानातल्या विहिरीवर सात बहिणी मेंढरांना पाणी पाजायला आल्या आहेत. धनगर येऊन त्यांना हुसकावून लावतात. परका मोशे उठतो आणि त्यांना सोडवतो. क्रियापद हेच. 2 शमुवेल 14:4 मध्ये तकोवाची एक बाई दावीदापुढे पालथी पडून म्हणते, "होशीया, महाराज!" शोमरोनाला वेढा पडलेला असताना तटावरून जाणाऱ्या राजाला एक बाई हीच हाक घालते (2 राजे 6:26). आणि अनुवाद 22:27 मध्ये रानात गाठलेल्या मुलीबद्दल कायदा म्हणतो की ती ओरडली, पण तिला 'मोशीया', म्हणजे सोडवणारा, कोणी नव्हता.

या चारही ठिकाणी मांडणी एकच आहे. झुंज बरोबरीची नाही. दुबळी बाजू ओरडते. तो आवाज ऐकून कोणीतरी बलवान मध्ये पडतो, किंवा पडत नाही. मध्ये पडणाऱ्याने धनगरांना पळवले, याला हवे तर विजय म्हणा. मुलींच्या बाजूने पाहिले तर ती सुटका. घटना एकच, आणि हिब्रू कवी ती बहुतेक वेळा मुलींच्या बाजूने पाहतो. पुढे मी जे काही लिहिणार आहे ते या एका वाक्याचाच विस्तार आहे: या काव्यात विजय सांगितला जातो तो सुटलेल्या माणसाच्या जागेवरून.

आता 98:1 पुन्हा वाचा. शब्दशः ती ओळ अशी: "त्याच्या उजव्या हाताने, त्याच्या पवित्र बाहूने, त्याच्यासाठी 'होशीया' केले." स्वतःच्या हाताने स्वतःसाठी तारण साधणे हा हिब्रूतला ठरलेला वाक्प्रयोग आहे, आणि तो शास्ते 7:2 मध्ये आला की आपले कान टवकारायला हवेत. गिदोनाकडे 32,000 माणसे जमली आहेत. देव म्हणतो, माणसे फार झाली, नाहीतर इस्राएल फुशारकी मारेल की "माझ्याच हाताने मला तारले." मग सैन्य 10,000 वर येते, शेवटी 300 वर. दावीदाची गोष्टही तशीच. अबीगईल त्याला नाबालावर चालून जाण्यापासून अडवते, तेव्हा ज्या पापापासून तो वाचला त्याचे नाव हेच: आपल्या हाताने आपले तारण करणे (1 शमुवेल 25:26, 33). म्हणजे माणसाच्या तोंडी जे बोलणे शोभत नाही, ज्याला मज्जाव आहे, ते 98 व्या स्तोत्रात देवाबद्दल मोकळ्या आवाजात म्हटले आहे. 44 वे स्तोत्र तर उघडच सांगते की पूर्वजांच्या बाहूने त्यांना तारले नाही, तारले ते तुझ्या उजव्या हाताने (44:3).

हा हात आला कुठून, तेही पाहण्यासारखे आहे. मिसरी, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या, चित्रांत तिथला राजा, फारो, एका हाताने शत्रूचे केस धरतो आणि दुसरा हात गदेसह उगारतो. नार्मेरच्या शिलापट्टावर, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे 3100 मध्ये, ते चित्र आहे आणि पुढे हजारो वर्षे देवळांच्या भिंतींवर ते कोरले गेले. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकात यरुशलेमचा मांडलिक राजा अब्दी-हेबा फारोला पत्र लिहितो, ते अमार्ना इथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांमध्ये आहे. तो म्हणतो की मला या गादीवर आईने किंवा बापाने बसवले नाही, राजाच्या बलवान बाहूने बसवले. म्हणजे यरुशलेमच्या डोंगरावर 'बलवान बाहू' हा मिसरच्या सत्तेचा शब्द म्हणून आधीच ठाऊक होता. मग त्याच भागातले कवी म्हणू लागले की बलवान हात आणि उगारलेला बाहू परमेश्वराचा आहे, आणि तो फारोवरच उगारला आहे. ज्या शब्दाने दरारा बसवला जाई तोच शब्द त्यांनी उचलला आणि दरारा बसवणाऱ्यावर उलटवला. ही ओळ वाचताना मला दरवेळी थांबावे लागते.

तुलनेसाठी दुसऱ्या बाजूचे विजयगीतही हाताशी आहे. 1896 मध्ये पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना मिसरातल्या थीब्ज इथे मेर्नेप्ताह या फारोचा शिलालेख सापडला. काळ इसवी सनापूर्वी सुमारे 1208. बायबलबाहेर 'इस्राएल' हे नाव पहिल्यांदा आढळते ते त्यात, आणि मजकूर असा: इस्राएल उजाड झाला, त्याचे बीज उरले नाही. जिंकलेल्यांची यादी, राजाचे नाव, संपला विषय. हे एक गाणे आणि मिर्यामेचे गाणे शेजारी ठेवून वाचले की आवाजातला फरक न शिकवता कळतो.

मिर्यामेचे गाणे म्हणजे निर्गम 15, फारोचे सैन्य समुद्रात बुडाल्यावर सुटलेल्या इस्राएलांनी गायलेले. त्याची भाषा जुनी आहे; 'त्यांना' या अर्थाचा 'मो' हा प्रत्यय त्यात पुन्हा पुन्हा येतो, जो नंतरच्या गद्यात जवळजवळ दिसत नाही. पुष्कळ अभ्यासक ते बायबलमधल्या सर्वांत जुन्या कवितांपैकी एक मानतात. गाण्याची पहिली ओळ: "घोडा आणि त्याचा स्वार त्याने समुद्रात भिरकावला." इथे मराठी वाचकाला एक सावधगिरी सांगतो, कारण आपल्याकडे घोडा येतो तो मावळे, दौड, खंडोबा आणि चौकातले अश्वारूढ पुतळे घेऊन. घोडा आपल्या मनात आपल्या बाजूचा असतो. हिब्रू कवितेत तो जवळजवळ नेहमी समोरच्याचा आहे. डोंगराळ मुलखात राहणाऱ्या या टोळ्यांकडे घोडेही नव्हते आणि रथही. ते मिसरकडे होते, सपाटीवरच्या कनानी नगरांकडे होते. कनानी सेनापती सीसराकडे 900 लोखंडी रथ असल्याचे शास्ते 4:3 सांगते. आजच्या वाचकाने 'घोडा' वाचताना रणगाडा डोळ्यांपुढे आणला तर तो कवीच्या जास्त जवळ जाईल.

एकदा हे लक्षात आले की कितीतरी ओळी उलगडतात. "कोणी रथांचे, कोणी घोड्यांचे, आम्ही मात्र आमच्या देवाच्या नावाचे स्मरण करतो" (20:7). "मोठ्या सैन्याने राजा तरत नाही, तेशुआसाठी घोडा ही फसवणूक आहे" (33:16-17). अनुवाद 17:16 राजाला बजावते की घोडे वाढवू नकोस. जखऱ्या 9:9 मध्ये राजा येतो तो गाढवावर, आणि पुढच्याच कडव्यात एफ्राइमातला रथ आणि यरुशलेमातला घोडा छाटून टाकण्याची भाषा आहे. लक्षात घ्या, यरुशलेमातला, म्हणजे आता आपल्याच बाजूचा घोडा. त्या राजाला हिब्रूत 'नोशा' म्हटले आहे. ते कर्मणी रूप आहे: 'तारलेला'. जुन्या ग्रीक भाषांतराने त्याचे 'तारणारा' करून टाकले, आणि पुष्कळ भाषांतरे त्याच वाटेने गेली. पण मूळ मजकुरातला राजा जिंकून येत नाही, सुटून येतो. माझ्या मते हा एक शब्द 'विजय' या कल्पनेचे जेवढे करतो तेवढे दहा प्रवचनांनी होणार नाही.

मग रूपक की खरी लढाई? हा प्रश्न मी जरा बाजूला सारतो, कारण तो लवकर विचारला की प्रतिमेचे शरीरच नाहीसे होते. 'शत्रू म्हणजे पाप, समुद्र म्हणजे संकट' असे समीकरण मांडून आपण पुढे सरकतो आणि ओळ वाचायची राहून जाते. आधी प्रतिमा अंगाने समजून घ्यावी.

दात पाडण्याचेच पाहू. 3:7 मध्ये म्हटले आहे: "तू माझ्या सर्व वैऱ्यांच्या गालफडात मारलेस, दुष्टांचे दात पाडलेस." आपल्या कानाला ही हाणामारी वाटते, सूड वाटतो. पण ईयोब 29:17 शेजारी ठेवा. ईयोब आपल्या चांगल्या दिवसांबद्दल सांगतो: "मी अन्याय करणाऱ्याची दाढ फोडली आणि त्याच्या दातांतून शिकार सोडवली." दात जनावराचे आहेत. माणूस त्या दातांत धरला गेला आहे. दात फुटल्याशिवाय तो सुटत नाही. आमोस 3:12 मध्ये मेंढपाळ सिंहाच्या तोंडातून दोन तंगड्या किंवा कानाचा तुकडा 'सोडवतो', म्हणजे कधीकधी सुटका किती उशिरा येते हेही या कवींना ठाऊक होते. आणि 124 वे स्तोत्र दोन्ही चित्रे एकापाठोपाठ ठेवते: त्यांच्या दातांना भक्ष्य म्हणून आम्हांला दिले नाही, फासेपारध्याच्या फासातून पाखरू सुटावे तसा आमचा जीव सुटला, फास तुटला आणि आम्ही सुटलो. फास तुटण्यात विजय कोणाचा, असे कोणी विचारत नाही. पाखराला पंख पसरता आले, एवढे पुरे असते.

अरुंद आणि रुंद ही जोडी मला सर्वांत प्रिय आहे, कारण तिथे मराठी आपल्याला हात देते. हिब्रूत 'त्सार' म्हणजे अरुंद, आणि त्सार म्हणजेच संकट. त्याच्या उलट 'मेर्हाव' म्हणजे मोकळी, रुंद जागा. 118:5: "कोंडीतून मी याहला हाक मारली, याहने मला मोकळ्या रानात उत्तर दिले." (याह हे परमेश्वराच्या नावाचे लघुरूप.) 18:19: "त्याने मला मोकळ्या जागी आणले." 4:1 मध्ये तर विशेषणाचे क्रियापद होते: "अडचणीत तू मला जागा करून दिलीस." आता आपले शब्द पाहा. संस्कृतात 'संकट' म्हणजे मुळात अरुंद, आकसलेले. 'अडचण' हा शब्द आपण आजही दोन्ही अर्थांनी वापरतो. घरात सामानाची अडचण होते आणि आयुष्यात पैशाची. सुटका झाल्यावर 'मोकळा झालो' म्हणतो. यहूदी परंपरेत मिसरचे हिब्रू नाव 'मित्स्राइम' आणि 'मेत्सारिम', म्हणजे अरुंद जागा, यांच्यावर शब्दखेळ केला जातो, मिसर म्हणजे कोंडी असा. ती व्युत्पत्ती नाही, नंतरच्यांनी केलेले वाचन आहे. पण कविता कशी ऐकली गेली हे त्यातून दिसते.

व्युत्पत्तीचा विषय निघालाच आहे तर एक इशारा देतो. 'येशुआ'चा धातूही अरबीतल्या 'रुंद असणे' या अर्थाच्या धातूशी जोडून, तारण म्हणजेच मोकळी जागा, असे जुन्या पुस्तकांत हमखास सापडते. ते आकर्षक आहे, मीही सुरुवातीला शिकवत असे. पण ती जोडणी वादग्रस्त आहे, आणि 1961 मध्ये बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी अशा पद्धतीवरच कडक टीका केली: शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो, मुळात नव्हे. आता मी मोकळ्या जागेची गोष्ट सांगतो ती वरच्या ओळींच्या आधाराने, धातूच्या आधाराने नाही. ती ओळींमध्ये पुरेशी आहे.

पाण्याचेही तसेच. 69:1 मध्ये ओरड आहे की पाणी 'नेफेश'पर्यंत आले. या शब्दाला सवयीने 'जीव' म्हणतात, पण इथे तो गळा आहे. पाणी गळ्याशी आले. कृष्णाकाठच्या एका विद्यार्थ्याने ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा त्याला काहीही समजवावे लागले नाही. 18:16 मध्ये देव वरून हात घालून "मोठ्या पाण्यातून मला ओढून काढतो". ते क्रियापद, 'माशा', सबंध हिब्रू बायबलमध्ये या गीतात (ते 2 शमुवेल 22 मध्येही आहे) आणि निर्गम 2:10 मध्येच येते, जिथे फारोची मुलगी म्हणते, मी याला पाण्यातून ओढून काढले म्हणून याचे नाव मोशे. राजा स्वतःला पेटाऱ्यातल्या तान्ह्या मुलासारखा पाहतो. 30:1 मधले क्रियापद विहिरीवरचे आहे: पोहऱ्याने पाणी शेंदावे तसे तू मला वर शेंदलेस. या ओळींना नुसते 'उद्धार केलास' म्हटले की दोर, पोहरा, ओल सगळे जाते.

आता समुद्र आणि लिव्याथान. 1928 पासून सीरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्रा इथे उगारीट हे प्राचीन नगर उजेडात आले, आणि तिथल्या मातीच्या पाट्यांवर बाल देवाची गाणी सापडली. त्यांत बालाचा वैरी आहे यम्म, म्हणजे समुद्र, त्यालाच 'न्यायाधीश नदी' असेही म्हटले आहे. सात डोक्यांचा लोतान हा साप आहे. बाल 'मेघांवर स्वार' आहे. "पाहा, तुझे वैरी, हे बाल" अशी तिहेरी ओळ आहे, जिचा साचा 92:9 मध्ये जवळजवळ तसाच भेटतो. हिब्रू कवींनी ही भाषा शेजारघरातून घेतली यात शंका नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. पाहायचे ते त्यांनी तिचे काय केले. निर्गम 15 मध्ये समुद्र वैरी नाहीच. तो देवाच्या हातातले साधन आहे; वारा फुंकला, समुद्राने झाकले, "ते शिशासारखे बुडाले". वैरी हाडामासाचा राजा आहे. 114 व्या स्तोत्रात समुद्र नुसता पाहतो आणि पळतो. 98 व्या स्तोत्रात तर समुद्र गर्जून गाण्यात सामील होतो आणि नद्या टाळ्या वाजवतात. एकेकाळचा 'न्यायाधीश नदी' आता टाळ्या वाजवतो आहे! आणि आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा दिसली: विजयाच्या या स्तोत्रात शत्रूचा उल्लेखच नाही. एकही नाही. हरलेला कोणी दाखवलाच नाही.

याउलट लिव्याथानाची डोकी फोडल्याची ओळ (74:14) कुठे येते ते पाहा. ते स्तोत्र पवित्रस्थान जाळले गेल्यावरचे आहे. कुऱ्हाडींनी कोरीवकाम फोडले, आग लावली, आता संदेष्टाही उरला नाही. बहुतेक अभ्यासक ते इसवी सनापूर्वी 587-86 मध्ये बाबेलच्या सैन्याने केलेल्या विध्वंसाशी जोडतात. त्या राखेत उभा राहून कवी म्हणतो, देव माझा पुरातन राजा आहे, पृथ्वीवर 'येशुओत' ('येशुआ'चे अनेकवचन) करणारा. तूच समुद्र दुभंगलास, तूच लिव्याथानाची डोकी फोडलीस. म्हणजे विजयाची सर्वांत भव्य प्रतिमा हरलेल्या माणसाच्या तोंडी आहे. तो जल्लोष करत नाही, देवाला त्याच्या जुन्या कृत्यांची आठवण देऊन जाब विचारतो आहे. यशया 51:9-11 मध्येही तेच: "जागा हो, जागा हो, हे परमेश्वराच्या बाहू!" राहाब नावाच्या राक्षसाला चिरणे, समुद्र आटवून सुटलेल्यांना वाट करणे, आणि बाबेलातून सियोनेला परतणे, तीन काळ एकाच दमात येतात. यातले 'खरे' कोणते आणि 'रूपक' कोणते असे वेगळे करायला गेलात तर दमच तुटतो. कवीला पुढची वाट दिसावी म्हणून मागची दोन्ही पाणी लागतात.

इथवर मी जे सांगितले त्याला अडथळा आणणाऱ्या ओळीही आहेत, त्या लपवू नयेत. 18 व्या स्तोत्राच्या पहिल्या भागात पाण्यातून ओढून काढलेला राजा दुसऱ्या भागात स्वतः हत्यार घेतो. 18:37: "मी माझ्या वैऱ्यांचा पाठलाग करीन, त्यांना गाठीन." हिब्रूत ही दोन क्रियापदे निर्गम 15:9 मधलीच आहेत, आणि तिथे ती शत्रूच्या तोंडी होती: "पाठलाग करीन, गाठीन, लूट वाटीन." ते बोलणारा बुडाला. आता तेच शब्द सुटलेला राजा बोलतो. कवीला हे जाणवले असावे, म्हणूनच आजूबाजूला क्रियापदांचा कर्ता पुन्हा पुन्हा देव होतो: तू मला बळाचा कमरबंद बांधलास, तू मला तुझ्या तारणाची ढाल दिलीस. तरीही 18:41 मध्ये शत्रू ओरडतात आणि त्यांना 'मोशीया' मिळत नाही, रानातल्या त्या मुलीसारखाच. ही ओळ मला आजही टोचते, आणि ती बोथट करून शिकवणे मी सोडून दिले आहे. 68:23 मध्ये रक्तात पाय बुडवण्याची भाषा आहे. तीही जशीच्या तशी वाचावी, आणि ती कोणत्या छळाच्या तळातून आली असेल ते विचारावे.

परंपरेनेही ही टोचणी मिटवली नाही. दबोरेच्या गीताचा (शास्ते 5) शेवट आठवा. आकाशातले तारे सीसराशी लढले, कीशोन नाल्याने रथ वाहून नेले. एरवी कोरड्या पडणाऱ्या पात्रात पूर आला की चाके निकामी, हे त्या मुलखात कोणालाही कळते. सीसराला मारणाऱ्या याएल या बाईच्या पायांशी तो "वाकला, पडला, निपचित झाला", ही क्रियापदे ढोल बडवल्यासारखी परत परत येतात. आणि मग एकदम कॅमेरा फिरावा तसे दृश्य बदलते: सीसराची आई जाळीच्या खिडकीतून वाट पाहते आहे, त्याच्या रथाला उशीर का झाला? तिच्या सख्या म्हणतात, लूट वाटत असतील, प्रत्येक पुरुषाला एकेक दोन-दोन मुली. तिच्या दुःखापाशी आणि त्या दुःखातल्या क्रौर्यापाशी कवयित्री आपल्याला एकाच वेळी नेते. तालमूद या यहूदी धर्मचर्चांच्या ग्रंथात यहूदी नववर्षाला फुंकायच्या शिंगाचा स्वर कसा असावा याची चर्चा आहे, आणि तिथे माप म्हणून घेतले आहे ते या आईचे हुंदके. तालमूदमध्येच अशीही कथा आहे की मिसरी बुडत असताना देवदूत गाऊ लागले, तेव्हा देव म्हणाला, माझ्या हातची लेकरे समुद्रात बुडताहेत आणि तुम्ही गाणे म्हणता? वल्हांडण, म्हणजे मिसरातल्या सुटकेचा सण, त्याच्या रात्री मिसरावर आलेल्या पीडांची नावे घेताना पेल्यातून द्राक्षारसाचे थेंब कमी केले जातात. कोकणातल्या बेने इस्राएल या यहूदी समाजाने त्या रात्रीचा पाठ, हग्गादा, मराठी भाषांतरासह 1846 मध्ये मुंबईत आणि 1874 मध्ये पुण्यात छापला. त्या पाठात 113 ते 118 ही स्तोत्रे येतात, म्हणजे समुद्र पळाल्याची आणि कोंडीतून मोकळ्या जागी आल्याची ही गाणी मराठी घरांत दीडशेहून अधिक वर्षे जेवणाच्या पंगतीत म्हटली गेली आहेत. ती कोणाला परकी वाटू नयेत.

आता तुमचा मूळ प्रश्न, कोणता मराठी शब्द घ्यावा? 'विजय' घेतला तर ओरडणारा माणूस नाहीसा होतो. 'मुक्ती' म्हटले की जन्ममरणाचा फेरा मनात येतो, जो या कवींच्या मनात नव्हता. त्यांना भूक, वेढा, कर्ज, आजार, कैद यांतून सुटका हवी होती. अर्थात पंडिता रमाबाईंनी केडगावला 1896-97 च्या दुष्काळातल्या बायकामुलींना आणले तेव्हा 'मुक्ती' या शब्दाला छप्पर आणि ताटातली भाकरी मिळाली. पुढे त्यांनी सबंध बायबल मूळ भाषांतून मराठीत आणले, ते त्यांच्या निधनानंतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. 'तारण' हा शब्द बँकेतल्या गहाणाने थोडा झिजला आहे, पण त्याच्या मुळाशी 'तॄ' धातू आहे, पाणी ओलांडून पलीकडे जाणे, आणि त्यात तारूही आहे. म्हणून मी 98:1 असे करतो: "त्याच्याच उजव्या हाताने, त्याच्या पवित्र बाहूने, त्याच्यासाठी तारण साधले." वाचताना थोडे अडखळायला होते. हिब्रूतही होते.

पुढच्या बैठकीत 118 वे स्तोत्र घ्या आणि मोठ्याने वाचा, एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी उचलायची. 25 व्या कडव्यात 'होशीया ना' येते. 'होसान्ना' तो हाच. आज तो जयघोष वाटतो, पण अक्षरशः ती विनवणी आहे, तकोवाच्या बाईची: "सोडव ना!" आणि हिब्रूत ती लिहिताना जी अक्षरे लागतात तीच 98:1 मध्ये 'तारले' या भूतकाळी क्रियापदाला लागतात. दोन्ही ओळी फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि गटाला काही वेळ त्यांच्याकडे बघू द्या.